पाणी निघालं तर

"मिस्त्री, मागच्या हौसिंगचं ऑईल सोडायचं हाय," धोंडिबा रेडेकर म्हणाले.

सकाळची वेळ होती. मी एका टेम्पोखाली आडवा पडलो होतो, त्यामुळे आधी मला त्यांच्या चपलाच दिसल्या. शेजारी आणखी दोन पावलं होती, जोडवी घातलेली. बाहेर सरकून बघतो तर धोंडिबामामांच्या मागे त्यांची बायको, आक्काताई उभ्या, खांद्याला कापडी पिशवी आणि पदराखाली बाळ. बाळ बघितल्यावर मी हातातला पाना खाली ठेवला. लेकरू द्यायला आली माणसं, असं माझ्या मनात आलं आणि मी घराकडे तोंड करून मंगलला, माझ्या बायकोला, हाक मारली.

"कुणाच्या गाडीचं?" मी विचारलं. मामांकडे गाडी नव्हती. जन्मभर दुसऱ्यांचे ट्रक चालवून ते आता घरी बसले होते.

त्यांनी शेडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे ताडपत्रीखाली माझ्या भावाची जीप उभी होती.

धोंडिबामामा म्हणजे माझ्या धाकट्या भावाचे, कृष्णातचे सासरे. कृष्णात जीपवर वडाप करायचा, म्हणजे माणसं भरून गावोगाव सोडायचा. त्याची बायको शालन बाळंतपणाला माहेरी गेली होती, नदीपलीकडच्या खडकेवाडीला. ऐन श्रावणात फरशीवर पाणी चढलं. फरशी म्हणजे नदीतला बुटका, बिनकठड्याचा पूल, नदी फुगली की आधी तोच बुडतो. त्याच दिवशी शालनच्या पोटात दुखायला लागलं. दवाखाना इकडच्या अंगाला आणि त्या वाडीत एकही गाडी नाही. दुकानातल्या फोनवर निरोप आला, जीप घेऊन लगोलग या.

कृष्णात गेला. दुपार टळल्यावर परत आला तो निथळत, ओठ निळे पडलेले. म्हणाला, "दादा, गाडी घातली हुती. दारापर्यंत पानी लागलं आनि इंजिन बंद पडलं. रिव्हर्स टाकून स्टार्टरवर मागं घेतली." ती युक्ती मीच त्याला शिकवलेली. गाडी पाण्यात बंद पडली की गिअर टाकून नुसता स्टार्टर मारत राहायचं, बॅटरीच्या जोरावर गाडी इंचाइंचानं सरकते. मी त्याचे कपडे बदलले, चहा पाजला. दिवे लागायच्या वेळी दुसरा निरोप आला. मुलगी झाली होती आणि शालन गेली होती.

तेव्हापासून बाळ आजोळीच होतं. मामांचा पुतण्या त्या दिवशी पलीकडच्या काठावर जाऊन उभा होता आणि त्याला कुठलीही गाडी दिसली नव्हती. कृष्णात म्हणाला, मी त्याच्या आधी येऊन गेलो. आमच्या दारात तेराव्याच्या दिवशीच हमरीतुमरी झाली. मामा चारचौघांत म्हणाले, ह्यानं गाडी घातलीच नाही, हा घरात झोपला होता. नंतर एकदा कृष्णात लेकरू बघायला गेला तर त्याला अंगणातूनच परत लावलं. मग त्यानं जीपवर ताडपत्री टाकली ती टाकलीच. धंदा बंद, दाढी वाढलेली, मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. चार घास खा म्हणून मंगलला त्याच्या पाया पडायची वेळ आली होती.

"पान्यात गेल्ती न्हवं गाडी?" मामा म्हणाले. "दारापातूर. मग मागल्या हौसिंगात पानी शिरलेलं असनार. मानूस काय बी बोलंल. ऑईलला नातंगोतं नसतं."

ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक पोकळ लोखंडी गोळा असतो, तेच हौसिंग. त्याच्या आत दात्यांची जाडजूड चाकं ऑईलमध्ये अर्धी बुडून फिरत असतात, इंजिनची ताकद तिथून चाकांना जाते. गाडी पळाली की हा गोळा तापतो. तापलेला असताना तो पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि जिथून फट मिळेल तिथून पाणी आत ओढून घेते. पाणी जड, ते तळाला बसतं. महिन्या-दोन महिन्यांनी जरी खालचा प्लग काढला तरी आधी पाणी पडतं आणि मग दुधाळ चहासारखं ऑईल. हे कुणी पुस्तकात वाचून शिकत नाही. पावसाळ्यानंतर आमच्या भागातल्या प्रत्येक गॅरेजात हे दिसतं.

"आनि निघालं पानी तर?" मी विचारलं.

"तर लेकरू बापाजवळ ठेवतो आनि आमी माघारी जातो. तिची कापडं आनल्यात." आक्काताईंनी खांद्यावरची पिशवी थोडी पुढे केली. "न्हाई निघालं तर परत ह्यो विषय न्हाई. आमी ह्या दारात यायचं न्हाई, त्यानं आमच्या दारात यायचं न्हाई."

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. इतके दिवस नुसत्या तोंडाच्या वाफा दवडल्या होत्या आणि पुरावा माझ्याच शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा होता. हे मला आधी कसं सुचलं नाही याचाच राग आला. हातच्या कांकणाला आरसा कशाला? वडील गेले तेव्हा कृष्णात शाळेत होता. त्याला मी वाढवला, गाडी शिकवली, त्याचं लग्न मी लावलं. तो आळशी होता, उधळ्या होता, पण माझ्याशी खोटं बोलला असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाही.

मी त्याला हाक मारून बाहेर बोलावलं. तोपर्यंत मंगलनं बाळ आपल्याकडे घेतलं होतं. कृष्णात दारात आला आणि आधी त्याची नजर बाळावरच गेली. आपली मुलगी त्यानं तोवर पाहिलीच नव्हती. तो दोन पावलं पुढे आला, मग मामा दिसले तसा थांबला. मी त्याला काय ठरलंय ते सांगितलं.

"नगं दादा," तो म्हणाला.

"का?"

"उगंच कशाला. गेलेली मानूस माघारी येनार हाय का त्यानं?"

"गेलेली येत न्हाई, पण आलेली तरी घरात राहील की," मी म्हणालो. "कर नाही त्याला डर कशाला?"

"पानी शिरलंच असंल असं कुटं हाय? सील नवी बसवलीस तू."

मला हसूच आलं. म्हटलं, पोरगं खचून गेलंय, आपल्या बाजूचा पुरावासुद्धा त्याला नको झालाय. मी मामांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला म्हणालो, "सील नवी हायेत, पण ब्रीदरचं काय? त्याचं टोपण उडून वर्ष झालं. चिंधी कोंबलीय तू तिथं. दारापर्यंत पाणी लागलं असेल तर शिरलेलंच असणार. नसलं शिरलं तर मी हा धंदा सोडतो."

ब्रीदर म्हणजे हौसिंगच्या वरच्या अंगाला हवा खेळायला ठेवलेलं भोक. मामांना ते सांगावं लागलं नाही. त्यांनी नुसती मान डोलावली. कृष्णात तिथेच एका जुन्या टायरवर बसला.

जीपची बॅटरी उतरली होती. ढकलून खड्ड्यावर न्यायची होती. खड्डा म्हणजे गाडीखाली उभं राहून काम करता यावं म्हणून जमिनीत खोदून बांधलेली जागा. मी स्टीअरिंगला हात घालून दारातून रेटा देत होतो आणि मागून मामा एकटेच जोर लावत होते. गाडी हलेना. मग कृष्णात उठला आणि त्यानं मामांच्या शेजारी खांदा लावला. दोघांचे दंड एकमेकांना घासत होते, पण एकानंही दुसऱ्याकडे पाहिलं नाही. जीप खड्ड्यावर आली तसे दोघं दोन बाजूंना झाले.

मी खड्ड्यात उतरलो. हौसिंगला दोन प्लग असतात, एक वर कडेला भरायचा आणि एक बुडाला सोडायचा. माझा नियम आहे, भरायचा आधी ढिला करायचा. नाहीतर ऑईल सोडून बसायचं आणि वरचा प्लग जाम निघायचा, मग गाडी आहे तिथेच. भल्याभल्यांना मी अशी गाडी घेऊन रडताना पाहिलंय. त्या दिवशीही मी आधी वरचाच प्लग धरला. गंजलेला होता, पान्याला पाइप लावून तो सोडवावा लागला. मामांनी घाई केली नाही. खड्ड्याच्या काठावर ते उकिडवे बसून होते.

खाली लावायला मी माझं नेहमीचं घमेलं ओढलं तर ते म्हणाले, "त्या काळ्या घमेल्यात काय दिसनार? पांढरं कायतरी घ्या."

मंगल बाळाला आक्काताईंकडे देऊन आत गेली आणि पिठाची परात घेऊन आली. घासूनपुसून लख्ख ठेवलेली स्टीलची परात. मी परात खाली धरली आणि सोडायचा प्लग फिरवला. शेवटचे आटे हातानं सोडवले आणि हात बाजूला घेतला.

ऑईल पडायला लागलं. काळं, जाड, संथ. गंधकासारखा त्याचा तो उग्र वास शेडमध्ये पसरला. पहिलीच धार काळी होती. मी वाट बघत राहिलो. आता फुटेल, आता पांढरं येईल, असं मनात म्हणत होतो. परातीचं बूड दिसेनासं झालं, ऑईल काठाकडे चढलं, धार बारीक झाली, तिचा दोरा झाला आणि मग नुसते थेंब. सगळं काळं. वापरलेल्या, पण कोरड्या हौसिंगचं ऑईल जसं असतं तसं. ते ऑईल मीच त्याला उन्हाळ्यात भरून दिलं होतं आणि ते जसंच्या तसं माझ्यापुढे परत आलं होतं.

परात धरून मी तसाच उभा राहिलो. वर बघायची हिंमत होईना.

"द्या हिकडं," मामा म्हणाले.

मी परात त्यांच्यापुढे काठावर ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे कलती केली. बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. आता उठतील आणि शिव्या घालतील, असं मला वाटलं. त्यांचा अधिकारच होता. मी मान खाली घालून ऐकून घ्यायची तयारी केली होती.

"मिस्त्री," ते म्हणाले, "नीट बगा. असंल कुठंतरी."

"मामा, सगळं सुटलं की."

"बुडाला गाळ असतोय. त्यात अडकलं असंल. बोट घाला की आत."

मी प्लगच्या भोकात बोट घातलं आणि फिरवून बाहेर काढलं. बोटाला काळा चिकटा लागला होता. मामांनी डोक्यावरची टोपी काढली, माझं बोट धरलं आणि त्या पांढऱ्या कापडावर तो चिकटा पुसला. ऑईलमध्ये पाणी असलं की कापडावर डागाभोवती ओल फुटते. ते टोपी हातात धरून बघत बसले. डाग होता तेवढाच राहिला.

"सील नवी असली की जात न्हाई न्हवं पानी?" ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "ह्यो म्हनला तसं. चिंधी घट्ट बसली असंल. घट्ट बसली तर जायाचं न्हाई. तुमी मिस्त्री हाय, तुमी सांगा. जातं का न्हाई?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ह्या माणसानं माझ्याहून जास्त हौसिंगं उघडलेली पाहिली असतील. ते मला हो म्हणायला सांगत होते. का सांगत होते ते मला कळेना. भांडायला आलेला माणूस हरायला का बघतोय, हेच उमजेना. पण हो म्हणालो तर लेकरू आमच्या घरात राहणार होतं, एवढं कळत होतं. मी तोंड उघडलं.

"मामा, मी गाडी घातली न्हाई," टायरवरून कृष्णात म्हणाला.

तोच पुढे बोलत राहिला, जमिनीकडे बघत.

"फरशीच्या तोंडाशी उभी केली. उतरून चालत गेलो मांडीपातूर. पाय सुटाय लागला तसा माघारी आलो. म्हनलं, गाडीला वजन हाय, गाडी जाईल. बसलो. गिअर टाकला. क्लच सोडायचा एवढंच ऱ्हायलं हुतं. सुटंना. पाय उचलंचना माझा. किती येळ तसा बसलो ठावं न्हाई. मग पलीकडं कोनतरी येताना दिसलं, तसा गाडी मागं घेतली, झाडाच्या आड."

"झाडाच्या आड," मामा म्हणाले.

"व्हय."

वर चढून ह्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावं असंही वाटलं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. खड्ड्यातच उभा राहिलो. मामांनी टोपी झटकली, डाग आतल्या बाजूला घडी घालून डोक्यावर ठेवली आणि गुडघ्यावर हात देऊन उठले. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या अंगातली हवाच गेली होती.

दुपारची एस्टी तोवर निघून गेली होती आणि पुढची थेट संध्याकाळी. बाळ भुकेनं किरकिर करायला लागलं. मंगलनं वाटीत दूध कोमट करून आणलं आणि बोळ्यानं पाजलं. पाजताना तिच्या डोळ्यांतून टिपं पडत होती. आम्हाला मूल नाही. आज घरात पाळणा हलेल, असं तिनं तेवढ्या वेळात मनात धरलं असणार.

"मी सोडून येतो तुमाला," मी मामांना म्हणालो.

टेम्पोचा गिअरबॉक्स खोलून पडला होता. चालती व्हायला एकच गाडी होती, तीच जीप, आणि तिच्या पोटात थेंब नव्हता. मी खालचा प्लग आवळला आणि कपाटातून ऑईलचे डबे काढले. माझ्याकडे दोन तऱ्हेचं असायचं, नव्वद नंबर आणि एकशेचाळीस नंबर. एकशेचाळीस जाड. ज्यांचे दाते झिजलेत, हौसिंग घों घों करतं आणि गाडी विकायची आहे, ती माणसं एकशेचाळीस घालून घेतात. आवाज दबतो, गिऱ्हाईक फसतं, सहा महिन्यांनी दाते तुटतात. ह्या जीपचेही दाते झिजायला लागले होते आणि माझा हात एकशेचाळीसच्या डब्यावर गेला, का ते ठाऊक नाही.

"नव्वदच घाला," मामा मागून म्हणाले. "हाय ती गाडी हाय. झाकून काय करायचं?"

मी नव्वद घातलं. वरच्या भोकातून परत बाहेर ओघळेपर्यंत भरलं, प्लग लावला, पुसून घेतला. टेम्पोची बॅटरी काढून जीपला जोडली. हातांना काम होतं तेवढा वेळ बरं गेलं.

निघताना कृष्णात जीपच्या मागच्या फाळक्याशी येऊन उभा राहिला. आक्काताई आत बसल्या होत्या, बाळ मांडीवर. त्यानं हात पुढे केला नाही. आक्काताईंनी आपणहून बाळाच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. त्यानं पोटभर बघितलं. मग त्यांनी पदर परत ओढला आणि तो घरात गेला.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो. त्यानं पुन्हा कधी स्टीअरिंगला हात लावला नाही. इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला गेला, तिथं दारूला लागला आणि तिथंच संपला. मुलगी आजोळी वाढली. ती आता मोठी आहे, मी तिला बाजारात लांबून पाहतो. मी कोण हे तिला कुणी सांगितलेलं नाही आणि मीही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी मी जीप सरळ नदीवर आणली. मामा माझ्या शेजारी बसले होते. नदी उतरली होती. फरशीवरून पाण्याचा पातळ थर वाहत होता, टायर ओले करण्याइतका. मी पहिल्या गिअरवर जीप पाण्यात घातली. मध्यावर आलो तेव्हा मामा म्हणाले, "थांबवा."

मी थांबवली. ते उतरले. चपला ओल्या झाल्या तरी त्यांना भान नव्हतं. माझ्या बाजूला येऊन त्यांनी दारावर हात ठेवला आणि खाली पाण्याकडे बघत बोलायला लागले.

"मिस्त्री, त्यो हिकडं येऊ शकला नसता. त्या दिवशी ट्रक बी गेला नसता हितनं. मी डायवर हाय, मला कळतंय. आला न्हाईस म्हनून मी त्याला कधी बोललो न्हाई. घातली का न्हाई, एवढंच इचारत हुतो."

"पण मामा, त्यानं काय फरक..."

"शालन सारखी इचारत हुती. आलं का, आबा, आलं का. मी दारात उभा. किती डाव न्हाई म्हनायचं? मी म्हनलं, आलाय. फरशीवर हाय. गाडी पान्यात घातलीया, दारापातूर पानी हाय पर त्यो येतोय. मग तेच सांगत ऱ्हायलो. आता मध्यावर आला. आता ह्या अंगाला आला. ती गेली तवा मी म्हनत हुतो, चढला बग वर."

त्यांनी दारावरचा हात काढला.

"तुमचा भाऊ म्हनला गाडी घातल्ती, तवा वरनं मी त्याला खोटा पाडत हुतो. आतनं म्हनायचो, घातली असू दे. निम्म्यात का हुईना, घातली असू दे. म्हंजी मी तिला मरताना खोटं बोललो न्हाई."

एवढं बोलून ते फरशीवरून पुढे चालत गेले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. मला रडू येत होतं पण मागे बाईमाणूस बसलं होतं, म्हणून मी स्टीअरिंग धरून बसलो.

"मिस्त्री," मागून आक्काताई हळूच म्हणाल्या. त्या दिवसात त्या पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होत्या. "तिला ठाऊक हुतं."

"काय?"

"कोनबी येत न्हाई ते. ह्यांनी दाराकडं तोंड केलं की माझा हात दाबायची. म्हनायची, आई, आबा उगंच सांगत्यात. मला कळलंय म्हनून त्यास्नी कळू दिऊ नगं, नायतर सांगायचं बंद करतील."

मी मागे वळलो. त्या बाळाचं डोकं थोपटत होत्या, माझ्याकडे बघत नव्हत्या.

"तुमी बी सांगू नगा," त्या म्हणाल्या.

मामा परत आले. आत बसले, ओल्या चपला पायातून काढून बाजूला केल्या. मागे एकदा बघून मला विचारलं, "काय म्हनत हुती?"

"बाळाला भूक लागलीय म्हणत होत्या," मी म्हणालो.

"चला मग," ते म्हणाले.

मी गिअर टाकला आणि जीप पलीकडच्या काठावर चढवली.